युगांडाच्या केळी उत्पादकांना खान्देशातून सल्ला देताना

आमच्या पहिल्या फोनची वेळ ठरली होती तीन वाजता. युगांडाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून आम्ही पाच विद्यार्थी जळगावात संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप उघडून बसलो. पलीकडून कुणी उचललंच नाही. तासाभराने निरोप आला की तिकडच्या शेतकरी गटाचे अध्यक्ष आणि चार शेतकरी सकाळीच थांबले होते, वाट बघून शेतात निघून गेले. तिकडे गावाकडे तास मोजतात ते उजाडल्यापासून. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, नऊ म्हणजे तीन. विषुववृत्ताला लागून असलेल्या त्या भागात सूर्य बारा महिने जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ही मोजणी त्यांना अगदी बरोबर बसते. त्यांचे तीन वाजले तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झाले होते आणि आम्ही वर्गात बसलो होतो.

पाच माणसांची अर्धी सकाळ गेली. एक पैसा न घेता मदत करायला निघालेल्या आम्ही पहिल्याच दिवशी त्यांचं नुकसान केलं होतं. हा लेख लिहिताना तो दिवस माझ्या डोळ्यासमोर आहे.

बीबीए, एमबीए, बी.कॉम. किंवा कृषी पदवीची मुलंमुली चार-सहा जणांचा संघ करतात आणि परदेशातल्या एखाद्या शेतकरी गटाला धंद्याच्या एका प्रश्नावर दहा-बारा आठवडे फोनवरून मदत करतात. माल कुठे विकावा, खर्च कसा मोजावा, गटाचा हिशेब कसा ठेवावा, असे प्रश्न असतात. जगभरच्या विद्यापीठांत असं काम चालतं. १९७५ साली अमेरिकेत सुरू झालेली एनॅक्टस किंवा २००७ साली सिडनीत सुरू झालेली वनएटी डिग्रीज कन्सल्टिंग ही त्यातली मोठी नावं. पण तुमच्या कॉलेजात यांची शाखा नसली तरी काही अडत नाही. एक तयार प्राध्यापक, एक खात्रीचा स्थानिक भागीदार आणि तुमची चिकाटी एवढ्यावर काम उभं राहतं.

मी रावेर तालुक्यातली, केळीच्या घरातली. म्हणून उदाहरणं केळीचीच देते. धुळ्याच्या मुलांनी कापूस धरावा, शहाद्याच्या मुलांनी पपई, नंदुरबारच्यांनी मिरची. पुढच्या पायऱ्यांचा क्रम तोच राहील.

पहिली पायरी: मधला माणूस शोधा, शेतकरी नंतर

इंटरनेटवर एखाद्या शेतकऱ्याचा नंबर सापडला म्हणून थेट फोन लावू नका. तो तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही त्याला ओळखत नाही, आणि परदेशातून येणाऱ्या गोड बोलण्याला फसलेली माणसं सगळ्याच देशांत आहेत. गावात ज्याचं जाणं-येणं आहे अशी सहकारी संस्था, सामाजिक संस्था किंवा तिथलं विद्यापीठ मध्ये हवं. राजधानी कंपालातलं मकेरेरे विद्यापीठ १९२२ पासूनचं आहे. केळीच्या पट्ट्यातच म्बाराराला विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना आपल्या संघात बरोबरीने घेता आलं तर तुमचं निम्मं काम सोपं होतं. त्यांना भाषा येते, रस्ता माहीत असतो, आणि शेतकरी त्यांच्यापुढे जे बोलेल ते तुमच्यापुढे कधीच बोलणार नाही. मात्र त्यांना दुभाषा म्हणून वापरू नका. अहवालावर त्यांचं नाव तुमच्या नावाशेजारी यायला हवं.

काम सुरू होण्याआधी एक पानी कागद करा. प्रश्न कोणता, किती आठवडे, दोन्हीकडून कोण बोलणार, त्यांच्या मोबाइल डेटाचा खर्च कोण देणार (तुम्ही द्यायचा), आणि तुम्ही काय करणार नाही. ही शेवटची यादी सगळ्यात महत्त्वाची. कर्ज मिळवून देऊ असं म्हणणार नाही. औषध-फवारणीचा सल्ला देणार नाही. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो कुठेही टाकणार नाही. त्यांच्या नावावर वर्गणी गोळा करणार नाही. हा कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवला गेला पाहिजे.

दुसरी पायरी: आधी आपल्या तालुक्यातला एक घड मागोमाग जाऊन बघा

ही पायरी सगळे गाळतात. केळीच्या गावात जन्मलेल्यांनाही घरच्या केळीचा हिशेब तोंडपाठ नसतो. मलाही नव्हता.

दोन शनिवार काढा. सावदा, रावेर, यावल, चोपडा, जे जवळ असेल तिथे जा आणि कटाईच्या दिवशी एका घडाचा माग काढा. घड कापला कोणी, त्याची मजुरी कोणी दिली, बांधापासून गाडीपर्यंत कोणी वाहिला, वजन कुणाच्या काट्यावर झालं, घडाच्या दांड्याचं वजन काय धरलं, त्या दिवशी बोर्डावर जाहीर भाव काय होता आणि हातात काय पडला, नवतीला (पहिल्या लागवडीच्या मालाला) किती, पिलबागला (बुडाशी फुटलेल्या पिलांच्या मालाला) किती, वापसीत (हलका म्हणून) किती माल गेला, पैसे किती दिवसांनी आले. वहीत रुपये-पैशांसकट लिहा. मग शेतकऱ्याला विचारा, ‘हाच व्यापारी का?’ उत्तर ऐकताना भावाच्या पलीकडच्या गोष्टी बाहेर येतील. गेल्या वर्षी वादळात बाग आडवी झाली तेव्हा यानेच माल उचलला. मुलीच्या लग्नाला यानेच उचल दिली. याची गाडी सांगितल्या दिवशी येते.

जमल्यास एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत अर्धा दिवस बसा. कंपनी कायद्यात २००२च्या दुरुस्तीने ही सोय झाली आणि दहा शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात, हे पुस्तकात वाचायला मिळतं. संचालक मंडळाच्या बैठकीला सभासद का येत नाहीत, भाव चढला की सभासदच माल बाहेर का विकतात, हे मात्र तिथे बसल्यावरच कळतं. युगांडातल्या गटापुढेही हेच प्रश्न असतात.

तिसरी पायरी: त्यांची केळी आपल्या केळीसारखी नाही, हे डोक्यात पक्कं बसवा

जळगावच्या मुलांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे केळी म्हणजे नगदी पीक. टिश्यू कल्चरची रोपं एकाच आठवड्यात लागतात, ठिबक असतं, एकरात सोळाशे-सतराशे झाडं बसतात, मृगबाग (पावसाळी लागवड) असो की कांदेबाग (त्यानंतरची लागवड), माल एकदम कापणीला येतो आणि गाड्या भरून उत्तरेकडे जातो. नैऋत्य युगांडातली केळी बहुतेक मटोके, म्हणजे शिजवून खायची हिरवी केळी. ती त्यांची भाकरी आहे. घरामागच्या बागेत वर्षानुवर्षं टिकलेली बेटं असतात, एकरात साधारण साडेचारशे, पाणी पावसाचं. प्रत्येक बेटात आजी, आई आणि लेक अशा तीन वयांची झाडं एकाच वेळी उभी. त्यामुळे बारा महिने थोडी थोडी कापणी चालते. या आठवड्यात दोन घड, पुढच्या आठवड्यात तीन. त्यातला एखादा घरच्या चुलीवर, बाकी विकायला.

पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि मग सप्टेंबर ते नोव्हेंबर. मालाची रेलचेल आणि चणचण त्याच्याच मागे फिरते. गोड, पिकवून खायची जात वेगळी: बोगोया, आणि छोटी एनडीझी. नुसतं ‘बनाना’ म्हणून विचारलंत तर तुम्ही एक विचाराल, ते दुसरंच सांगतील. नेहमी जातीचं नाव घेऊन विचारा.

आता विक्री. तिकडे शेताच्या बांधावर घड बहुतेक नगावर विकला जातो, वजनावर नाही. व्यापारी घड नजरेने जोखतो आणि मोठा, मधला, लहान असा भाव सांगतो. आपल्याकडे काट्यावरून भांडण होतं, तिकडे काटाच नसतो. म्हणजे ‘क्विंटलला किती मिळतात?’ हा तुमचा प्रश्न त्यांच्यासाठी अर्थहीन आहे. आमच्या संघाने पहिले दोन आठवडे हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. शेतकरी सभ्य होते, दर वेळी काहीतरी आकडा सांगायचे, आणि आम्ही त्या आकड्यांचा तक्ता करत राहिलो. तो सगळा तक्ता पुढे फेकून द्यावा लागला.

एक गोष्ट इतिहासाचीही. युगांडात भारतीय वंशाची माणसं कित्येक पिढ्या दुकानदार आणि व्यापारी म्हणून राहिली. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. पुढे अनेक जण परतले. त्यामुळे भारतातून आलेला फोन म्हणजे माल घ्यायला आलेला व्यापारी असं कुणाला वाटलं तर नवल नाही. आपण काहीही विकत घेणार नाही आणि विकणारही नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि दुसऱ्या फोनवर पुन्हा सांगा.

चौथी पायरी: फोन, घड्याळ, भाषा

वेळ सांगताना ‘तुमच्याकडे दुपारच्या जेवणानंतर’, ‘संध्याकाळी गुरं बांधल्यावर’ असं बोला, मग आकडा. तिकडचे संध्याकाळचे सहा (त्यांच्या मोजणीत बारा) म्हणजे आपले साडेआठ. ही वेळ आम्हाला सगळ्यात सोयीची पडली. आपल्याकडे तेव्हा लाइट गेली तर काय करायचं हेही आधी ठरवा. एकाचा तरी फोन चार्ज हवा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हवं.

व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका. डेटा महाग पडतो. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने व्हॉट्सॲपसारख्या सेवांवर दिवसाला २०० शिलिंग कर लावला होता. २०२१ मध्ये तो काढून डेटावरच १२ टक्के कर आला. शेतकऱ्याच्या खिशातून काय जातं हे लक्षात ठेवून साधा कॉल आणि दीड-दोन मिनिटांचे आवाजी निरोप वापरा. आणि ‘गटाचं फेसबुक पान काढू या’ ही सूचना घेऊन जाऊ नका. जानेवारी २०२१च्या निवडणुकीच्या वेळी तिथे फेसबुक बंद झालं आणि पुढेही वर्षानुवर्षं बंद राहिलं. एका संघाने पान कसं सजवायचं यावर आठवडा घालवला होता.

इंग्रजी तिथली राजभाषा आहे, पण नैऋत्येच्या म्बारारा-इसिंगिरो भागात घरात रुन्यांकोले बोलतात. ‘अगांदी’ म्हणून विचारपूस करा, ‘वेबारे’ म्हणून आभार माना. एवढे दोन शब्द उच्चार नीट शिकून घ्या. तब्येत, घर, पाऊस, बाग यांची चौकशी झाल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही. आपल्याकडे पाव्हण्याला पाणी दिल्याशिवाय कुणी विषय काढतं का? तसंच. आमच्यातला एक जण ‘आजचा अजेंडा’ म्हणून सुरुवात करायचा. तिसऱ्या फोनला अध्यक्षांनी हळूच विचारलं, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?

पाचवी पायरी: पहिले तीन फोन एकही सल्ला नाही

नियमच करा. संघातलं कुणी ‘तुम्ही असं का करत नाही’ म्हणालं तर दुसऱ्याने त्याला तिथेच थांबवायचं.

विचारायचं काय, तर गोष्ट. शेवटचा घड विकला त्या दिवसाची गोष्ट सांगा. सकाळी कोण उठलं, कोणी कापला, कोण घेऊन गेलं, सायकलवर की बोडाबोडावर (तिकडची भाड्याची मोटरसायकल), व्यापारी काय म्हणाला, पैसे रोख की मोबाइलवर, त्या पैशातून पहिली कोणती गोष्ट घेतली. ‘साधारणपणे’ असं विचारलं की साधारण उत्तर येतं. ठरावीक दिवसाची गोष्ट विचारली की खरे आकडे त्यात आपोआप येतात.

शाळेची फी हा विषय जरूर काढा. तिथल्या शाळांची सत्रं फेब्रुवारीत, मेच्या शेवटाला-जूनच्या तोंडाशी आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात. फी भरायच्या आठवड्यात घड अजून भरायचा असतानाही विकला जातो. तुमच्या तक्त्यात हा ‘चुकीच्या वेळी केलेला सौदा’ दिसेल, पण त्या घरात लेकरू वर्गात बसलं असेल. आपल्याकडे पोळ्याला, दिवाळीला कापूस पडेल त्या भावात जातो, तेव्हा घरातलं कोणी चुकलं असं आपण म्हणतो का?

बाईशी बोलायला मिळावं म्हणून प्रयत्न करा. घरची केळी कोणती ठेवायची आणि विकायची कोणती, हे कोण ठरवतं, आलेला पैसा कुणाच्या हातात जातो, हे प्रश्न पुरुषांच्या बैठकीत विचारले तर एकच उत्तर येतं. संघात मुली असतील तर हा वेगळा फोन त्यांनी करावा. आम्हाला गटाच्या बचतीची खरी माहिती अशाच फोनवर मिळाली. तिकडच्या गावबचत गटांची एक पद्धत मला फार आवडली: पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे, आणि सगळ्यांसमोरच पेटी उघडायची. ही पद्धत १९९१ मध्ये नायजरमध्ये केअर संस्थेच्या कामातून सुरू झाली आणि आफ्रिकाभर पसरली. आपल्या बचत गटाच्या बायकांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमचं पासबुकही असंच तिघींच्या सह्यांचं असतं.

सहावी पायरी: हिशेब, आणि दलालाला काढायच्या आधी

प्रत्येक नव्या संघाचा पहिला सल्ला ठरलेला असतो. मधला व्यापारी काढा, माल थेट कंपालाला न्या. म्बाराराहून कंपाला साधारण २७० किलोमीटर, डांबरी रस्ता, शहरात मागणी भरपूर. कागदावर छान दिसतं.

आता वही काढा. आकडे समजा म्हणून धरते, तुम्ही तिकडचे खरे घाला. ३० घरांचा गट, आठवड्याला घरटी ३ घड, म्हणजे ९० घड. बांधावरचा भाव आणि कंपालातला भाव यांत घडामागे ५,००० शिलिंगचा फरक. ट्रकचं भाडं ६,००,०००, आणि तो ३०० घडांनी भरतो. भरला तर घडामागे भाडं २,००० आणि हातात राहतात ३,०००. पण आपल्याकडे घड ९०च. भाडं तेवढंच. घडामागे ६,६००च्या वर गेलं, म्हणजे प्रत्येक घडावर दीड हजाराहून जास्त तोटा. नुसतं भाडं निघायला १२० घड लागतात. सोबत जाणाऱ्या माणसाचा खर्च, उतराई, बाजाराची पट्टी मिळून आणखी १,२०,००० धरले तर १४४. आणि कापलेला हिरवा घड पुढच्या आठवड्याच्या मालाची वाट बघत बसत नाही.

हा हिशेब घेऊन मी सुट्टीत घरी गेले आणि माझे चुलते नाना यांना दाखवला. त्यांनी आकड्यांकडे बघितलंही नाही. ‘गाडी भरीन कोन?’ एवढंच विचारलं. व्यापारी नेमकं तेच काम करतो. पंधरा गावांतून दोन-दोन, चार-चार घड गोळा करून ट्रक भरतो. जोखीम घेतो, रोख देतो, फीच्या आठवड्यात उचल देतो. कमी भाव देऊन तो या सगळ्याची किंमत वसूल करतो, आणि कधी कधी वाजवीपेक्षा जास्त करतो. आपल्याला शोधायचं आहे ते त्यातलं किती वाजवी आणि किती नाही. त्याच्या कामांपैकी एखादं काम गट स्वतः स्वस्तात करू शकेल का, हा खरा प्रश्न. सगळी कामं एकदम अंगावर घेणारे गट एका हंगामात मोडतात. आपल्याकडेही मोडलेत.

सातवी पायरी: सल्ला पाठवायच्या आधी तो कुणाला तरी मोडून बघू द्या

आमची सगळ्यात गंभीर चूक इथली. सांगायला जड जातं, पण सांगते.

ट्रकचा विचार सोडल्यावर आम्हाला वाटलं, निदान कापणी तरी एकत्र करू. आपल्याकडे व्यापाऱ्याची कटाईची टोळी येते, एका दिवसात तीन-चार शेतं उरकते, माल एकसारखा निघतो. गटानेही चार तरुण तयार करावेत, त्यांनी सोमवारी सगळ्या घरचे घड कापावेत, माल एका जागी यावा, म्हणजे व्यापाऱ्याशी एकत्र बोलता येईल. धंद्याच्या दृष्टीने चोख योजना. आम्ही आवाजी निरोप तयार केला, पाठवणारच होतो.

आमच्यासोबत काम करणाऱ्या म्बाराराच्या विद्यार्थिनीने तो आधी ऐकला आणि थांबवला. तिने एकच विचारलं, कोयता कोणाचा? पूर्व आफ्रिकेच्या केळीत झँथोमोनास मर (झाड वाळवणारा रोग) आहे, जिवाणूमुळे येणारी. युगांडात ती २००१ मध्ये सापडली आणि तिने बागाच्या बागा बसवल्या. ती पसरते कशाने, तर बऱ्याचदा एका बागेतून दुसऱ्या बागेत जाणाऱ्या कोयत्याने. म्हणून तिकडे शेतकऱ्यांना शिकवतात की हत्यार जाळावर तापवा किंवा ब्लीचच्या पाण्यात बुडवा, आणि केळफूल कोयत्याने कापू नका, दुबेळक्याच्या काठीने मोडून काढा. आमची टोळी एका सोमवारी तीस बागांत एकच कोयता घेऊन फिरली असती.

जळगावात आपल्याला करपा (पानांवरचा बुरशीचा रोग) माहीत आहे, सीएमव्ही (विषाणूचा रोग) माहीत आहे, पण हा रोग आपल्या रोजच्या बोलण्यात नाही, म्हणून आमच्या पाच डोक्यांत तो आलाच नाही. लांबून सल्ला देण्यातला धोका हा असा असतो. शेतात उभं असतो तर वाळलेलं एखादं बेट दिसलं असतं, कुणीतरी बोललं असतं.

तेव्हापासून आमचा नियम आहे की कुठलाही सल्ला गटापर्यंत जायच्या आधी तीन जणांपुढे जातो. एक, तिथला कृषी विस्तार कार्यकर्ता किंवा शेतीशास्त्र शिकलेला माणूस. दोन, तिथला विद्यार्थी भागीदार. तीन, आपल्या घरचा किंवा गावचा एक शेतकरी. तिसऱ्याला ते मराठीत, अहिराणीत, जी बोली असेल तीत, वही न बघता सांगायचं. नाना, तुमच्या बागेत असं करा, असं म्हणायला जीभ अडखळली तर तो सल्ला युगांडाला पाठवू नका. ‘यात बुडालो तर किती बुडीन?’ हा प्रश्न नाना हमखास विचारतात. त्याचं उत्तर आकड्यात हवं.

आठवी पायरी: सल्ला लहान हवा, आणि करून बघता येईल असा

चाळीस पानांचा अहवाल कॉलेजच्या गुणांसाठी करायचा असेल तर करा, गटाला पाठवू नका. गटाला एक पान आणि रुन्यांकोलेतला तीन मिनिटांचा आवाजी निरोप. त्यात एकच गोष्ट, चार आठवडे, थोड्या घरांनी करून बघायची.

आमची शेवटी ठरलेली गोष्ट अशी होती. गटाने एक टांगता काटा घ्यायचा, सहा घरांनी चार आठवडे प्रत्येक घड विकण्याआधी जोखायचा, आणि व्यापाऱ्याने त्याला मोठा म्हटलं की मधला, किती दिले, हे वहीत लिहायचं. बस. कुणाशी भांडायचं नाही, भाव मागायचा नाही. चार आठवड्यांनी वही उघडली तेव्हा ‘मधला’ म्हणून विकलेल्या घडांचं वजन केवढं वरखाली होतं ते सगळ्यांनी स्वतः बघितलं. त्यावर काय करायचं याची चर्चा त्यांनी आपापसात केली, आम्ही फोनवर ऐकत होतो. एका बाईने सुचवलं की घड मापायची दोरी करू, काटा नसला तरी घेर कळेल. आम्हा पाच जणांना ते सुचलं नव्हतं.

जोडीला एक आठवडी भावाचा निरोप सुरू करता येतो. गटातला एक, जवळच्या बाजारगावातला एक आणि कंपालातला एखादा नातेवाईक, असे तिघे दर रविवारी भाव सांगतात. तुम्ही तो फक्त एका ओळीत जुळवून द्यायचा, आणि सहा आठवड्यांत ते काम त्यांच्याच हाती सोपवायचं. तुम्ही गेलात आणि निरोप थांबला, तर तो सुरूच करायला नको होता असं समजा.

पैशाबद्दल थोडक्यात. त्यांचा पैसा तुमच्या हातातून कधीही जाऊ द्यायचा नाही, मोबाइल मनीचा पिन विचारायचा नाही, त्यांनी आपणहून सांगितला तर लगेच बदलायला सांगायचं. हिशेब मांडताना मोबाइल मनीचं शुल्क धरायला विसरू नका. यूपीआयची सवय असल्याने आपल्याला पैसे पाठवणं-काढणं फुकट वाटतं. तिकडे पैसे काढताना एजंटचं शुल्क असतं आणि २०१८ पासून वर अर्धा टक्का सरकारी करही. लहान लहान रकमा वारंवार काढणाऱ्या घराला ते जाणवतं.

नववी पायरी: परीक्षा आणि निरोप

विद्यापीठाचं वेळापत्रक काम सुरू व्हायच्या आधीच समोर ठेवा. आपल्या सत्र परीक्षा आणि त्यांचा कापणीचा किंवा लागवडीचा काळ एकमेकांवर आला तर काय करायचं ते पहिल्या कागदातच लिहा. परीक्षा आली म्हणून संघ तीन आठवडे गप्प बसला, असं घडलेलं मी बघितलंय. तिकडच्या शेतकऱ्यांना वाटलं, आपलं काही चुकलं म्हणून मुलं रागावली.

शेवटच्या महिन्यात पुढच्या वर्षीच्या संघातले दोघे फोनवर बसायला हवेत, निदान तीन वेळा. वही, आकडे, आवाजी निरोप हे सगळं एका जागी ठेवून त्याची एक प्रत गटाकडे राहील असं बघा. माहिती त्यांची आहे. कॉलेजच्या प्रदर्शनात ती मांडायची असेल तर आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर मांडू नका.

गुणपत्रिका हातात आली की काम संपलं असं मानू नका. सहा महिन्यांनी एक फोन कराच, त्यात फक्त विचारायचं. आमच्या गटाने व्यापारी बदलला नाही. तोच ट्रक येतो. पण आता घड दोरीने मापून त्याच्यापुढे ठेवतात, आणि आठ-दहा घरं मिळून एकाच दिवशी, प्रत्येकाचा कोयता वेगळा, कापणी करतात. भाव किती वाढला हे मी सांगणार नाही, कारण त्या काळात पाऊसही कमी झाला होता आणि वाढ कशाने झाली हे आम्हाला वेगळं करता आलं नाही.

पुढचा फोन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ठरलाय, शाळेच्या फीच्या आधी. वेळ त्यांचे बारा, म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ.